दाखला कोरा का राहतो?

परीक्षा आटोपल्या की मुंबईच्या उपनगरांतील भिंती बोलू लागतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, रेल्वेस्थानकाबाहेरच्या खांबांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांची पत्रके झळकतात. पोहणे, स्केटिंग, कराटे, बॅडमिंटन, फुटबॉल, मल्लखांब. पत्रकावर शुल्क असते, वेळ असते, प्रशिक्षकाने मिळविलेल्या पदकांची यादी असते. हा मनुष्य यापूर्वी कोठे शिकवीत होता आणि तेथून का निघाला, एवढे मात्र नसते. आणि ते विचारणाराही सहसा कोणी नसतो. घरकामाला येणाऱ्या बाईचे छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात दिल्याशिवाय तिला फाटकातून आत न सोडणारी सोसायटी, आपल्याच आवारात साठ मुले ज्याच्या स्वाधीन करते त्याचे पूर्ण नावही विचारीत नाही. चांदीच्या वाटीची काळजी अधिक आणि पोटच्या पोराची कमी, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला काय उत्तर द्यावयाचे?

कायदा याबाबत मुका नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याखालील २०२० च्या नियमांपैकी तिसऱ्या नियमात शाळा आणि पाळणाघरे यांच्या जोडीने क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, पोलिसांमार्फत पडताळणी आणि पूर्ववृत्ताची तपासणी ठराविक काळाने झालीच पाहिजे, असे हा नियम सांगतो. ही शिफारस नव्हे, बंधन आहे. नियम होऊन पाच वर्षे उलटून गेली. ज्या क्लबात, ज्या टर्फवर, ज्या व्यायामशाळेत आपली मुले जातात, तेथे हा दाखला पाहावयास मागून पाहा, म्हणजे बंधन कोणावर बसले आणि कोणावर बसले नाही ते समजेल.

बदलापूरच्या घटनेने हा प्रश्न मुंबईच्या दाराशी आणून उभा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी शाळेतील कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि अवघ्या काही दिवसांपूर्वी कामावर आला होता. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी विलंब लावला, आणि शाळेच्या चालकांवरही माहिती दडविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वे तासन्‌तास ठप्प झाली. दुसऱ्याच दिवशी शासनाने निर्णय काढला: कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, समित्या नेमा. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरले, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी कोणी फारसे बोलले नाही. ज्या खटल्यात शाळेचे व्यवस्थापन, कंत्राटदार आणि पोलीस ठाणे या सर्वांची जबानी उघड न्यायालयात व्हावयाची होती, तो मुख्य आरोपीसह गाडला गेला. गोळीने एक मनुष्य संपतो. त्याला कामावर ठेवणारी पद्धत आहे तशीच राहते.

शासनाचा निर्णय शाळेपुरता. शाळा सुटल्यानंतर मूल जेथे जाते तेथे काय? महापालिकेच्या अंधेरीतील शहाजीराजे क्रीडा संकुलात किंवा मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडा संकुलात निदान एक कार्यालय आहे. कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेथे ज्याला जाब विचारावा असा कोणी अधिकारी तरी सापडतो. परंतु गेल्या तीस वर्षांत खेळाचा जो बाजार उपनगरांत उभा राहिला, त्यात मालक कोण आणि नोकर कोण हेच कळेनासे झाले आहे. शाळा आपला खेळाचा तास एका कंपनीला देते. कंपनी तो दुसऱ्या कंत्राटदाराला देते. कंत्राटदार तासावर एक तरुण आणून उभा करतो. टर्फचा मालक म्हणतो, मी फक्त जागा भाड्याने देतो. सोसायटीचा चिटणीस म्हणतो, आम्ही फक्त आवार वापरू देतो. नियमाची भाषा ‘संस्थेचा कर्मचारी’ अशी आहे, आणि आवारात स्केटिंग शिकविणारा हा मनुष्य कोणत्याच संस्थेचा कर्मचारी नाही. तोच संस्था आणि तोच कर्मचारी! त्याने स्वतःची पडताळणी स्वतःच मागवावी अशी कायद्याची अपेक्षा आहे काय? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची भाषा आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण राष्ट्रीय महासंघांपासून निघालेली ही भाषा बोरिवलीच्या एखाद्या इमारतीच्या वाहनतळापर्यंत पोहोचेपर्यंत कितीतरी उन्हाळे जातील.

तेव्हा पडताळणी हवी, सर्वांची हवी आणि सक्तीची हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. दाखल्यात काय लिहिलेले असते? पोलिसांच्या दप्तरात जे आहे ते. आणि दप्तरात काय असते? जे कोणीतरी जाऊन सांगितले, आणि पोलिसांनी नोंदवून घेतले, तेवढेच. बाकीचे सारे मंडळांच्या बंद दारांआड मिटते. मुलांना छळणाऱ्या माणसाचा दाखला कोरा राहतो तो बहुधा त्याच्या चातुर्यामुळे नव्हे. आपण तो कोरा ठेवतो म्हणून.

येथे एक कबुली देणे भाग आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातील एका क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीवर मी होतो. मंडळाचे नाव सांगत नाही. ते मंडळ वाईट नव्हते. कामगार वस्तीतील शेकडो मुलांना त्याने मैदान दिले, आणि नेमके म्हणूनच ही हकीकत सांगावयाची आहे. एका संध्याकाळी कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी एक आई आमच्याकडे आली. तिचा अकरा वर्षांचा मुलगा सरावाला येईना. सरावानंतर सर त्याला एकट्याला थांबवून घेतात आणि काय करतात, ते तिने खाली मान घालून, मोजक्या शब्दांत सांगितले. आम्ही बैठक घेतली. दार लावून घेतले. कोणी म्हणाले, स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. कोणी म्हणाले, मंडळाचे नाव जाईल. कोणी म्हणाले, मुलगाच आहे, मुलगी असती तर गोष्ट वेगळी. शेवटी सरांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा द्यावा असे ठरले. मंडळाने त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारे पत्र दिले. माझे मराठी बरे म्हणून त्या पत्राचा मसुदा मी केला. दोनेक वर्षांनी पश्चिम रेल्वेवरील एका स्थानकाबाहेर उन्हाळी शिबिराच्या पत्रकावर मी त्या गृहस्थांचे नाव वाचले. वाचले, आणि गाडी पकडली.

त्या माणसाने आज पडताळणीसाठी अर्ज केला तर त्याला स्वच्छ दाखला मिळेल. तो स्वच्छ ठेवण्यात माझ्या अक्षराचा वाटा आहे. आणि त्याने नंतर जेथे जेथे शिकविले तेथील मुलांची संख्या मला कधीच कळणार नाही.

मुलगा होता म्हणून गोष्ट वेगळी, असे आमच्यातील एकजण म्हणाला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात की पोक्सोखालील बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणी आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. अनोळखी राक्षसाची वाट पाहत आपण फाटकावर पहारा ठेवतो, आणि ओळखीचा मनुष्य शिट्टी गळ्यात अडकवून आतच उभा असतो.

मुकाट्याने निरोप देण्याची ही रीत केवळ आपली नव्हे. इंग्लंडमधील सोहम गावी ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी हा तेथील एका शाळेचा रखवालदार. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण शिक्षा एकीतही नव्हती. पोलिसांनी त्या नीट जतन केल्या नाहीत आणि नव्या गावाला कळविल्या नाहीत. चौकशी झाली, २००६ मध्ये नवा कायदा आला, आणि मुलांसोबत काम करण्यास मनाई केलेल्या व्यक्तींची एकत्र यादी ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी २०१८ मध्ये ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात निवेदने दिली. त्याच्याविरुद्धच्या पहिल्या तक्रारी १९९० च्या दशकातल्या. मधल्या वीस वर्षांत त्याचा दाखला कोणी मागविला असता तर तो निष्कलंकच आला असता.

आणि आपल्या देशात? १९९० साली पंचकुला येथे टेनिस खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या रुचिका गिरहोत्राचा विनयभंग करणारे शंभू प्रताप सिंह राठोड हे हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष होते, आणि त्याच वेळी पोलीस महानिरीक्षक होते. रुचिकाने १९९३ मध्ये आत्महत्या केली. राठोड यांना शिक्षा झाली ती डिसेंबर २००९ मध्ये, आणि तीही आरंभी सहा महिन्यांची. त्यांची चारित्र्य पडताळणी कोणत्या पोलीस ठाण्याने करावयाची होती? २०२३ मध्ये देशासाठी पदके आणलेल्या महिला कुस्तीगीरांना महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध तक्रार नोंदविली जावी यासाठी जंतरमंतरवर बसावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण ज्यांना सारा देश ओळखतो त्यांची ही अवस्था, तर भांडुपच्या टेकडीवरील झोपडीतून कबड्डी खेळावयास येणाऱ्या मुलीची तक्रार कोण ऐकणार? मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जून २०२२ मध्ये काढलेले परिपत्रक आठवा. विनयभंगाची आणि पोक्सोची तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून नोंदवू नये, असा त्याचा आशय होता. टीकेनंतर ते मागे घ्यावे लागले. परिपत्रक गेले, त्यामागची वृत्ती गेली असे समजण्याचा भोळेपणा करू नये.

ही केवळ नीतीची बाब नाही, सत्तेची बाब आहे. प्रशिक्षकाच्या हाती काय नसते? संघात कोणाला घ्यावयाचे ते तो ठरवितो. परगावच्या स्पर्धेला तो नेतो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी लागणारी स्पर्धेची प्रमाणपत्रे त्याच्याच मार्गाने मिळतात. रेल्वे, पोलीस, बँका यांतील क्रीडा कोट्याची नोकरी हे कामगाराच्या मुलाला दारिद्र्यातून वर चढण्यासाठी उपलब्ध असलेल्या मोजक्या शिड्यांपैकी एक, आणि तिची पहिली पायरी प्रशिक्षकाच्या मुठीत. श्रीमंताचे मूल एका क्लबातून उठून दुसऱ्यात जाईल. गरिबाचे मूल सोसते, कारण त्याला खेळ सोडणे म्हणजे भविष्य सोडणे वाटते. म्हणून हा प्रश्न मध्यमवर्गीय पालकांच्या चिंतेचा नसून आपल्या वर्गाच्या मुलांच्या हक्काचा आहे.

आता आपल्याच मित्रांचे आक्षेप. पहिला असा की, पोलिसांच्या हाती आणखी एक दांडका देता काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी पारध्याच्या पोराला आजही प्रथम संशयित मानले जाते. आणि आपण स्वतः? या पृष्ठाचे जे वाचक मोर्चात चालले आहेत त्यांच्यापैकी किती जणांच्या नावावर पोलीस अधिनियमाच्या ३७ व १३५ या कलमांखाली जमावबंदी मोडल्याचे खटले आहेत? सरसकट ‘गुन्हा नोंद आहे’ असा शेरा मारणारी पडताळणी सत्याग्रह्याला मैदानाबाहेर काढील आणि ज्याची तक्रारच नोंदली गेली नाही त्याला आत ठेवील. म्हणून तपासणी कशाची, हे कायद्यानेच ठरविले पाहिजे: मुलांविरुद्धचे अपराध, लैंगिक अपराध आणि गंभीर शारीरिक हिंसा. जात, वस्ती, राजकीय मत, आंदोलनाचे खटले यांचा तिच्याशी संबंध नाही. बालवयात हातून घडलेल्या अपराधाचा कलंक पुढे राहू नये असे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे तत्त्व आहे, तेही येथे पाळले पाहिजे. खटला चालू असेल तर मनुष्याला मुलांपासून दूरचे काम द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि निर्दोष सुटल्यास त्याला सन्मानाने परत घ्यावे. नागरी स्वातंत्र्य आणि मुलांचे संरक्षण यांत वैर आहे असे मानणाऱ्यांना दोन्हींचा अर्थ कळलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की, विनामूल्य सेवा करणारे कार्यकर्ते अशाने दुखावतील. दुखावोत. बँकेत रोखपालाची रोकड रोज मोजली जाते, म्हणून त्याला कोणी चोर म्हटले असे होत नाही. आपल्या सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण दरवर्षी होते. पैशाच्या बाबतीत जो हिशेब आपल्याला अपमान वाटत नाही, तो मुलांच्या बाबतीत का वाटावा?

तिसरा आवाज जमावाचा: फाशी द्या, भर चौकात द्या. २०१९ मध्ये पोक्सोच्या सर्वांत गंभीर अपराधाला देहदंडाची तरतूद झालीच आहे. पण आरोपी जेव्हा घरचा, शाळेचा वा मंडळाचा मनुष्य असतो, तेव्हा शिक्षा जितकी भयंकर तितकी तक्रार करणाऱ्याची जीभ जड होते, हे घराघरांतून काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. फाशीची घोषणा स्वस्त असते. पडताळणीला माणसे लागतात, खर्च लागतो, चिकाटी लागते.

मग मागावयाचे काय? प्रथम, महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात, अंधेरीच्या के पश्चिमपासून मुलुंडच्या टी विभागापर्यंत, मुलांना खेळ शिकविणाऱ्या प्रत्येकाची नोंदवही असावी. तो शुल्क घेवो वा न घेवो, संस्थेचा असो वा एकटा. नोंद नसलेल्याला मैदान, तलाव, टर्फ वा आवार देणारा जबाबदार धरला जावा. दुसरे, पडताळणी विनामूल्य, ठरलेल्या मुदतीत आणि दर काही वर्षांनी व्हावी. सप्टेंबर २०१८ पासून केंद्राकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे. ती केवळ पोलीस यंत्रणेला पाहता येते, आणि ती चव्हाट्यावर टांगू नये हेच योग्य. पण विचारणाऱ्या संस्थेला या व्यक्तीस मुलांसोबत काम करण्यास हरकत आहे की नाही, एवढे एका शब्दात कळलेच पाहिजे. तिसरे, पूर्वीच्या संस्थेने सोडण्याचे खरे कारण लेखी देणे बंधनकारक व्हावे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द जेथे खोटे असतील तेथे ते लिहिणाऱ्यावर कारवाई व्हावी. पोक्सोच्या १९ व्या कलमाने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर तक्रारीचे बंधन घातले आहे, आणि २१ व्या कलमाने दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे; ही कलमे वापरली गेली पाहिजेत. चौथे, प्रशिक्षकांना कायम नोकरी आणि पुरेसे वेतन द्या. तासावर राबणारा तरुण सहकाऱ्याचे दुष्कृत्य डोळ्यांनी पाहूनही गप्प बसतो, कारण बोलला तर उद्याचा तास जातो.

परंतु शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले अंगण झाडू या. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर आपल्यापैकी कित्येक वाढले. लेझीम, कवायत आणि कबड्डी यांतूनच समतेचा पहिला धडा आपण घेतला. साने गुरुजींचे नाव आपण मुलांवरील प्रेमाच्या संदर्भात घेतो. त्या परंपरेत परस्परांवर विश्वास ठेवण्याची सवय आहे, आणि ती मोलाची आहे. पण विश्वास हा मोठ्यांनी मोठ्यांना दिलेला असतो. त्याची किंमत चुकती करावी लागते ती लहानांना. म्हणून आपली शिबिरे, शाखा, व्यायामशाळा आणि अभ्यासवर्ग यांनी कायद्याची वाट न पाहता स्वतःची पडताळणी प्रथम करून घ्यावी. अध्यक्षाने पहिला अर्ज भरावा. मुलासोबत एकटा प्रौढ बंद खोलीत राहणार नाही, परगावी जाताना मुलींसोबत स्त्री कार्यकर्ती असेलच, आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक फलकावर मुलाच्या उंचीला लिहिलेला असेल, एवढे नियम करावयास कोणाची परवानगी लागत नाही.

आणि एखादी आई संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहिली तर बैठक बोलावू नका. दार लावू नका. तिला बसावयास द्या, तिचे ऐका, आणि त्याच रात्री तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. तेथे बसावे लागले तर पहाटेपर्यंत बसा. तक्रार नोंदविली गेल्याची प्रत हाती आल्याशिवाय उठू नका. त्या रात्री आम्ही एवढेच करावयास हवे होते.